कसब्यातले कसब

आपल्या जुन्या महसुली दप्तरात गावाच्या नावाआधी दोन शब्द आढळतात, 'मौजे' आणि 'कसबे'. मौजे म्हणजे शेतीवाडीचे साधे खेडे. कसबे म्हणजे जिथे पेठ आहे, आठवड्याचा बाजार भरतो, आसपासच्या खेड्यांतला माल आणि माणसे जिथे एकमेकांना भेटतात ते गाव. सांगली जिल्ह्यात मौजे डिग्रज आणि कसबे डिग्रज अशी दोन्ही गावे आजही आहेत. इंग्रजांच्या 'मार्केट टाउन'ला आपण सहसा 'बाजारपेठेचे शहर' असा अवघडलेला प्रतिशब्द देतो. वास्तविक 'कसबा' हा आपला जुना शब्द त्याच्या पुष्कळ जवळचा आहे. या लेखापुरता मी तोच वापरणार आहे. कारण मला जे सांगायचे आहे ते या दोन शब्दांत नेमके मावते. इंग्लंडमधील आरंभीच्या काउंटी क्रिकेटचा इतिहास हा मुख्यतः कसब्यांचा इतिहास आहे. साहित्याने त्याचे मौजे करून टाकले.

इंग्लिश क्रिकेट म्हटले की जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते ते आठवून पाहावे. हिरवे कुरण, चर्चचा मनोरा, एल्मची झाडे, जमीनदार आणि लोहार एकाच संघात, बिअरचे पेले, कलती उन्हे. १९९३ साली पंतप्रधान जॉन मेजर यांनी एका भाषणात पन्नास वर्षांनंतरच्या ब्रिटनचे आश्वासक वर्णन करताना काउंटी मैदानांवरच्या लांबलेल्या सावल्यांचा आवर्जून उल्लेख केला होता. म्हणजे हे चित्र निरुपद्रवी नाही. ते राजकारणाच्या कामी येते. त्यात पैसा दिसत नाही, दुकान दिसत नाही, रस्ता दिसत नाही, मजुरी तर नाहीच नाही. प्रत्यक्षात अठराव्या शतकातला काउंटीसाठी खेळणारा माणूस या चारही गोष्टींनी घडलेला होता.

आधी कसब्याविषयी थोडे. तेराव्या शतकातला विधिज्ञ ब्रॅक्टन याने दोन बाजारांमध्ये किती अंतर असावे याचा हिशेब मांडला होता. दिवसभराची वाटचाल वीस मैल धरली, तर एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश खरेदी-विक्रीसाठी आणि एक तृतीयांश परतण्यासाठी. म्हणून दोन बाजारांतले योग्य अंतर सहा आणि दोन तृतीयांश मैल. इतिहासकार ॲलन एव्हरिट यांच्या अंदाजानुसार सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंडमध्ये अशी सुमारे ७६० बाजाराची गावे होती. एव्हरिट यांनीच दाखवून दिलेली आणखी एक गोष्ट आपल्या विषयाला महत्त्वाची आहे. उघड्या चौकातला धान्यबाजार हळूहळू सराईच्या, म्हणजे 'इन'च्या, छपराखाली सरकला. सगळी पोती चौकात ओतण्याऐवजी मूठभर नमुना दाखवून सराईतल्या मेजावर सौदा होऊ लागला. व्यापारी, गाडीवान, अडत्ये, वकील, जमीनदारांचे कारभारी असे सगळे तिथे उतरत. कोंबड्यांच्या झुंजी तिथेच होत, पैजाही तिथेच लागत. क्रिकेटचे क्लब, त्यांची जेवणे, त्यांचे हिशेब हेही सराईच्या आश्रयाने वाढले, हा योगायोग नव्हे. जिथे पैसा, निरोप आणि रिकामा वेळ एकत्र येतात तिथेच संघटित खेळ उभा राहतो.

पीटर्सफील्ड हा हॅम्पशरमधला असाच एक कसबा. लंडन-पोर्ट्समथ रस्त्यावरचा, म्हणजे आरमाराच्या बंदराकडे जाणारी सारी वर्दळ त्याच्या दारावरून जाणारी. तिथे जॉन स्मॉल (१७३७-१८२६) राहत असे. धंदा जोडे शिवण्याचा. कातडे, दोरा आणि टाच्या यांची सवय असलेल्या या हातांनी पुढे क्रिकेटचे चेंडू शिवले, मग बॅटीही घडवल्या. चेंडू जमिनीवरून सरपटत टाकण्याऐवजी टप्पा देऊन टाकण्याची पद्धत आली तेव्हा जुनी हॉकीच्या काठीसारखी वाकडी बॅट निरुपयोगी ठरू लागली. सरळ बॅट रूढ करण्याचे श्रेय स्मॉलला दिले जाते. १७७५ साली लंडनच्या आर्टिलरी मैदानावर 'लम्पी' स्टीव्हन्सचा चेंडू तीन वेळा स्मॉलच्या दोन यष्ट्यांमधून आरपार गेला, यष्ट्या पडल्या नाहीत, आणि त्यानंतर तिसरी यष्टी आली, ही गोष्ट क्रिकेटच्या प्रत्येक इतिहासात असते. पण ज्याच्या बॅटीपुढे हे घडले तो माणूस स्वतः बॅटी विकणारा दुकानदार होता, हे त्या गोष्टीत क्वचितच सांगितले जाते. खेळाचे तंत्र आणि खेळाचा माल एकाच कारागिराच्या हातून निघत होते. 'कसब' आणि 'कसबा' हे शब्द व्युत्पत्तीने वेगळे असतीलही. पीटर्सफील्डच्या या घरात ते एकत्र नांदत होते.

आता फार्नहॅमकडे येऊ. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव रेमंड विल्यम्स यांच्या 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथामुळे परिचित असेल. त्यातल्या एका प्रकरणात विल्यम्स फार्नहॅमच्या परिसरातले तिघेजण शेजारी शेजारी ठेवतात: फार्नहॅमला जन्मलेला विल्यम कॉबेट, चॉटनला राहणारी जेन ऑस्टिन आणि सेलबर्नचा गिल्बर्ट व्हाइट. एकच मुलूख, जवळजवळ एकच काळ, आणि पाहण्याच्या तीन तऱ्हा. ऑस्टिनला घरे, वारसे आणि उत्पन्ने दिसतात. व्हाइटला पक्षी, किडे आणि ऋतू. कॉबेटला रस्त्यावरून जाताना राबणारी आणि उपाशी माणसे. हे प्रकरण शिकवताना मला नेहमी वाटत आले आहे की इथे एक चौथा माणूस हवा होता. तो कॉबेटपेक्षा तीन वर्षांनी लहान. फार्नहॅमलगतच्या रेक्लशॅममध्ये १७६६ साली जन्मलेला. त्याने ग्रंथ लिहिला नाही. त्याचे नाव विल्यम बेल्डहॅम, फिकट सोनेरी केसांमुळे 'सिल्व्हर बिली' म्हणून ओळखला जाणारा, आपल्या काळातला बहुधा सर्वोत्तम फलंदाज.

बेल्डहॅमचे फार्नहॅम हे झोपाळलेले खेडे नव्हते. विसाव्या नव्हे, अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात डॅनियल डिफोने आपल्या प्रवासवर्णनात त्याला लंडनखालोखाल इंग्लंडमधला सर्वांत मोठा धान्यबाजार म्हटले आहे. एका गृहस्थाने एका बाजारदिवशी गव्हाने भरलेल्या ११०० गाड्या मोजल्या होत्या, असे तो सांगतो. पुढे दक्षिण किनाऱ्यावरचे लोक गहू दळून पीठ समुद्रमार्गे लंडनला पाठवू लागले आणि फार्नहॅमची गर्दी ओसरली, हेही तोच नोंदवतो. त्या जागी हॉपचे, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीचे, पीक वाढले. फार्नहॅमचा हॉप वेहिलच्या जत्रेत विकायला जाई. ही तीच जत्रा, जिच्यावरून हार्डीने 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज'मधली बायको विकली जाते ती जत्रा रचली. बाजारात काय काय विकले जाऊ शकते याची जाणीव असलेला तो मोठा लेखक होता.

अशा गावात बेल्डहॅमला बॅट सरळ आणि डावे कोपर वर ठेवायला कोणी शिकवले? हॅरी हॉल नावाच्या माणसाने. हा हॉल फार्नहॅममध्ये जिंजरब्रेड, म्हणजे आले घातलेली गोड भाकर, भाजून विकत असे. क्रिकेटमधला हा एक आद्य प्रशिक्षक, आणि तो बाजारपेठेतला भटारी! ही माहिती आपल्याला बेल्डहॅमच्याच तोंडून कळते. १८३०च्या दशकात जेम्स पायक्रॉफ्ट हा धर्मोपदेशक वृद्ध बेल्डहॅमला जाऊन भेटला आणि त्याच्या आठवणी त्याने पुढे 'द क्रिकेट फील्ड' (१८५१) या पुस्तकात घातल्या. त्या आठवणींत हिरवळ फारशी नाही, हिशेब आहेत. जिंकल्यास पाच-सहा गिन्या, हरल्यास तीन-चार, हा मोबदला. लंडनला गेल्यावर ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या 'ग्रीन मॅन अँड स्टिल' या सराईत मुक्काम. तिथे पैजेवाल्यांचे दलाल येत, सामने विकत घेतले जात आणि विकलेही जात. आठवड्याला दहा शिलिंग मिळवणाऱ्या गरीब माणसाला हा मोह झेपणारा नव्हता, असे तो म्हातारा म्हणतो.

या आकड्यांशी जरा थांबावे. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. पाच गिन्या म्हणजे १०५ शिलिंग, म्हणजे साडेदहा आठवड्यांची मजुरी. हरले तरी तीन गिन्या, म्हणजे सहा आठवड्यांहून अधिक. आणि ज्या सामन्यांसाठी हे दिले जाई त्यांवर उमराव पाचशे पौंडांची पैज जाहीर करीत. पाचशे पौंड म्हणजे दहा हजार शिलिंग. बेल्डहॅमच्या शेजाऱ्याची सुमारे एकोणीस वर्षांची मजुरी. पैज लावणाऱ्याला इतिहासाने 'आश्रयदाता' म्हटले. सामना विकणाऱ्याला 'भ्रष्ट' म्हटले. सामने विकणे योग्य होते असे मला सुचवायचे नाही. पण दोन्ही व्यवहार एकाच सराईत, एकाच मेजावर होत होते. त्यांतला एक विसरला गेला आणि दुसरा कलंक म्हणून उरला, हे न्यायाचे नाही.

ही विस्मृती घडली कशी? इथे आपण क्रिकेट-साहित्यातल्या पहिल्या अभिजात मानल्या गेलेल्या ग्रंथाकडे वळतो. जॉन नायरेनचे 'द यंग क्रिकेटर्स ट्यूटर' १८३३ साली प्रसिद्ध झाले. त्यातला 'द क्रिकेटर्स ऑफ माय टाइम' हा भाग म्हणजे हॅम्बल्डन क्लबच्या खेळाडूंची शब्दचित्रे. नायरेनचा बाप रिचर्ड हा हॅम्बल्डनचा कर्णधार आणि ब्रॉडहाफपेनी डाउनवरच्या 'बॅट अँड बॉल' सराईचा मालक. म्हणजे मुलगा सराईत वाढलेला. पुस्तकावर नाव नायरेनचे, पण आठवणी गोळा करून त्यांना रूप देणारा चार्ल्स काउडन क्लार्क. हा तोच क्लार्क, ज्याच्या वडिलांच्या एन्फील्डच्या शाळेत कीट्स शिकला, ज्याने कीट्सला स्पेन्सरची गोडी लावली आणि ज्याच्यासोबत १८१६ साली एका रात्री कीट्सने चॅपमनचा होमर वाचला. तेव्हा प्रश्न उभा राहतो तो असा: सराईवाल्याच्या मुलाची मौखिक आठवण कुठे संपते आणि कीट्सच्या मित्राचे स्वप्नरंजन कुठे सुरू होते? या संहितेचा कर्ता नेमका कोण? आपण संतवाङ्मयाच्या किंवा लोकसाहित्याच्या संहितांना हा प्रश्न नेहमी विचारतो. क्रिकेटच्या पुस्तकाला तो विचारायचा, हे आपल्याला सुचत नाही.

नायरेनवर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की त्याने धंदे लपवलेले नाहीत. टॉम स्यूटर सुतार होता, डेव्हिड हॅरिस कुंभार, नोआ मान सरावासाठी वीस मैल घोड्यावरून येई, ही माहिती त्याच्यामुळेच सर्वांना झाली. पण या धंद्यांना त्याच्या पुस्तकात किंमत नाही. म्हणजे किती मिळत होते, कोण देत होते, हे नाही. ते अलंकारासारखे येतात. आणि लिहिण्याची वेळ पाहावी. १८३३ साली नायरेन लंडनच्या आसमंतात स्थायिक झालेला होता. त्याने कापड-छपाईचा धंदा केला होता. हा धंदा आपल्याकडच्या छिटाची नक्कल करत इंग्लंडमध्ये उभा राहिलेला. म्हणजे नव्या उद्योगात शिरलेला माणूस जुन्या सराईची आठवण काढतो आहे. विल्यम्स यांनी सरकत्या जिन्याची उपमा दिली आहे: प्रत्येक पिढी आपल्या थोडे मागे एक सुवर्णयुग ठेवते, आणि आपण मागे गेलो की ते आणखी मागे सरकते. नायरेनच्या जिन्याची पायरी होती १७७७, जेव्हा सेव्हनोक्सच्या व्हाइन मैदानावर हॅम्बल्डनने 'इंग्लंड'ला एक डाव आणि १६८ धावांनी हरवले आणि जेम्स एलवर्डने १६७ धावा काढल्या. ते मैदानही केंटमधल्या एका कसब्यातले, आणि ते देणारा डॉर्सेटचा ड्यूक.

त्याच सुमारास मेरी रसेल मिटफर्ड 'अवर व्हिलेज'मध्ये (पहिला खंड १८२४) ग्रामीण सामन्याचे लोभस वर्णन करत होती, आणि ते करताना लॉर्ड्सवरच्या पैशांच्या सामन्यांविषयी नापसंती नोंदवत होती. खरा सामना गावागावांतला, पैशासाठी खेळलेला तो नव्हे, ही फाळणी इथे ठळक होते. मिटफर्ड स्वतः ॲल्रसफर्ड या हॅम्पशरमधल्या कसब्यात जन्मलेली होती. आपल्याकडे रविकिरण मंडळाच्या काळातली जानपदगीते आठवावीत. त्यांत मोट असते, पाखरे असतात, पण आठवड्याचा बाजार आणि सावकाराची वही कितीदा असते? पैसा बाहेर ठेवला की खेडे सुंदर दिसते, ही युक्ती एकाच भाषेची नाही.

साहित्याने मात्र एकदा तरी कसबा जसाच्या तसा पाहिला. 'पिकविक पेपर्स'च्या सातव्या प्रकरणात डिकन्सने ऑल-मगलटन विरुद्ध डिंगली डेल हा सामना रंगवला आहे. आपण तो विनोदी म्हणून वाचतो आणि पुढे जातो. पण डिकन्स सामन्याआधी आपल्याला मगलटनच्या चौकात उभे करतो: मध्ये सराई, भोवती लिलाव पुकारणाऱ्याचे दुकान, धान्याचा अडत्या, कापडवाला, जिनगर, किराणावाला, जोड्यांचे दुकान. मग तो सांगतो की या निष्ठावंत गावाने परदेशातल्या गुलामगिरीविरुद्ध १४२० अर्ज केले, आणि स्वदेशातल्या कारखान्यांत हस्तक्षेप होऊ नये म्हणूनही बरोबर तितकेच. मगलटन म्हणजे मेडस्टन की वेस्ट मॉलिंग यावर वाद आहे. वेस्ट मॉलिंगला तेव्हा टाउन मॉलिंग म्हणत. तिथल्या क्लबने नॉरफकचा विख्यात फलंदाज फुलर पिल्च याला वर्षाला शंभर पौंडांवर आणून ठेवले आणि केंट काउंटीचे सामने तिथे होऊ लागले, नेमके 'पिकविक' प्रसिद्ध होत असतानाच, १८३६ च्या सुमारास. त्या काळी काउंटीचा खेळाडू त्या काउंटीचाच असावा असा नियम नव्हता. तो १८७३ साली आला. कसबा पैसे देई, माणूस येई.

आणि त्याच सामन्याच्या वेळी जिंगल वेस्ट इंडीजमधली आपली थाप सांगतो: भर उन्हात तो फलंदाजी करत राहिला आणि क्वांको सांबा नावाचा त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा सेवक गोलंदाजी करता करता मेला. ऐकणारे थक्क होतात, आणि वाचक हसतो. गुलामगिरीविरुद्धचे अर्ज, कारखान्यांच्या बाजूचे अर्ज, आणि क्वांको सांबाचा विनोद हे सारे एकाच प्रकरणात आहे. कसब्याच्या नैतिक हिशेबवहीचे इतके नेमके पान दुसरे कुठे नसेल. सी. एल. आर. जेम्स यांनी 'बियाँड अ बाउंडरी'त (१९६३) क्रिकेट कारागिरांनी घडवले असे ठामपणे म्हटले, ते त्रिनिदादच्या माणसाने म्हणावे, यात मला औचित्य दिसते. ज्यांच्या श्रमावर विनोद झाला त्यांच्या वारसाला श्रम आधी दिसले.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, हॅम्बल्डन हे तर खेडेच होते. खरे आहे. पण हॅम्बल्डनचा संघ हॅम्बल्डनचा नव्हता. तो पीटर्सफील्ड, फार्नहॅम यांसारख्या कसब्यांतून आणि त्यांच्या भोवतालच्या वस्त्यांतून गोळा केलेला होता, आणि त्याला पोसणारे उमराव होते. उमरावांनी लंडनचा रस्ता धरला तेव्हा काय झाले ते क्लबच्या इतिवृत्तात आहे: सप्टेंबर १७९६ ची शेवटची नोंद सांगते की एकही सभ्य गृहस्थ हजर नव्हता. खेडे तिथेच होते. पैसा निघून गेला होता. दुसरा आक्षेप ट्रेव्हेलियन यांचा. फ्रेंच सरदार आपल्या शेतकऱ्यांबरोबर क्रिकेट खेळले असते तर त्यांचे वाडे जळले नसते, असे त्यांचे सुप्रसिद्ध विधान आहे. सुंदर विधान, पण विंचिल्सीचा अर्ल आणि बेल्डहॅम एकत्र खेळत होते ते धनी आणि मजूर म्हणून. त्याच इतिवृत्तात महिनाभर आधीच्या सभेला 'राइट्स ऑफ मॅन'चा कर्ता टॉमस पेन उपस्थित असल्याची नोंद आहे. पेन तेव्हा इंग्लंडमध्ये पाऊल टाकू शकत नव्हता, म्हणजे ही कोणाची तरी थट्टा असणार. पण थट्टेलाही विषय लागतो. त्या मेजावर फ्रान्सची आठवण कुणाला तरी होत होती.

१८४६ साली धान्य कायदे रद्द झाले आणि योगायोगाने त्याच साली, मूळचा गवंडी आणि पुढे सराईवाला झालेल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम क्लार्कने 'ऑल इंग्लंड इलेव्हन' हा फिरता व्यावसायिक संघ उभारला. तो आगगाडीने गावोगाव जाई. रस्त्यावरच्या सराया ओस पडू लागल्या, आणि मग त्यांच्याविषयी हळवे होणे सोपे झाले. कॉबेट १७८३ साली गिल्डफर्डच्या जत्रेला निघाला असता वाटेत लंडनची घोडागाडी दिसली म्हणून तिच्यावर चढला आणि लेखक झाला. बेल्डहॅम चार वर्षांनी त्याच लंडनला खेळायला गेला आणि परत आला. टिलफर्डला त्याने सराई चालवली आणि १८६२ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी तिथेच वारला. दोघांना नेणारा रस्ता एकच होता. एकाने लिहिले म्हणून तो आपल्या अभ्यासक्रमात आला. दुसऱ्याचे शब्द एका धर्मोपदेशकाच्या पुस्तकात अडकून पडले आहेत, आणि ते क्रिकेटचे पुस्तक म्हणून आपण उघडत नाही. ते उघडावे, कॉबेटच्या शेजारी ठेवून वाचावे, एवढीच माझी मागणी आहे.

नायरेनला क्लार्क मिळाला, बेल्डहॅमला पायक्रॉफ्ट. पीटर्सफील्डच्या जॉन स्मॉलला असा कोणी मध्यस्थ लागला नाही. त्याच्या दारावर चार ओळींची पद्यमय पाटी होती असे सांगतात. तिचा आशय साधा: इथे बॅट आणि चेंडू तयार होतात, आणि करणारा माणूस इंग्लंडमधल्या कोणाशीही खेळायला तयार आहे. गिऱ्हाइकाला बोलावणे आणि प्रतिस्पर्ध्याला आव्हान, दोन्ही एकाच दमात. त्या पाटीला आपला धंदा लपवावासा वाटला नव्हता.